एकाच्या चार बाटल्या

आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले तेव्हा आमच्या प्रयोगशाळेचा विजेवर चालणारा तराजू निर्मलला गेला आणि त्याचं अडॅप्टर आदिलाबादलाच राहिलं. सूक्ष्मदर्शक मंचेरियलला गेला, त्याच्या काचा आसिफाबादला. खुर्च्या मात्र बरोब्बर सारख्या वाटल्या गेल्या. त्यातूनही एक उरली, तर तिच्यावरून इतकी पत्रापत्री झाली की तेवढ्या कागदांच्या किमतीत दुसऱ्या तीन खुर्च्या आल्या असत्या.

मी तिथे केमिस्ट होते. गावोगावच्या विहिरींचं, बोअरचं पाणी तपासायचं आणि ते पिण्याजोगं आहे की नाही ते लिहून द्यायचं, हे माझं काम. आमचं घराणं तीन पिढ्यांपासून आदिलाबादचं. आजोबा निजामाच्या तहसिलीत कारकून, वडील शाळेत, आणि मी पाण्यात, असं आमच्याकडे म्हणतात.

पाणी कशात आणावं याला लोकांकडे धरबंध नसतो. एकजण रमच्या बाटलीत घेऊन आला. बाटली धुतली होती का विचारलं तर म्हणाला, "पाण्यानंच तं धुतली बाई, त्याच विहिरीच्या." त्याच्या अहवालात 'वास' या रकान्यापुढे मी 'आहे' असं लिहिलं आणि त्याला सांगितलं, आता दुसरी बाटली आण. आणखी एक गृहस्थ आले होते. त्यांना वेगळाच संशय होता. "भाऊबंदानं आमच्या बोअरमंदी काई टाकलं काय, तेवढं पाहून सांगा," म्हणाले. मी तपासून सांगितलं, चुना जास्त आहे. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "चुनाच तं टाकते ना ते लोकं!" मी पुष्कळ समजावलं की हा चुना जमिनीतला, खडकातला. पण ते समाधानाने निघून गेले. इतकं समाधान माझ्या कुठल्याच अहवालाने कुणाला दिलं नसेल.

हा चुनाच आमच्या नोकरीतला निम्मा धंदा. पाण्यात तो जास्त झाला की पाणी जड होतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांड्याच्या बुडाला पांढरी खपली धरते. हा जडपणा मोजायची रीत अशी. ठरल्या मापाचं पाणी चंबूत घ्यायचं, त्यात चिमूटभर रंग टाकायचा. पाणी जांभळट लाल होतं. मग वर उभ्या नळीतून एक द्रावण थेंबथेंब सोडायचं. ते द्रावण पाण्यातला चुना पकडत जातं. सगळा पकडून झाला की लाल पाणी एकदम निळं होतं. निळं व्हायला जितकं द्रावण लागलं तितकं पाणी जड. बघणाऱ्याला ही जादू वाटते. मला तीस वर्षं पाहूनही वाटायची.

यात एकच अट. नळीतल्या द्रावणाची ताकद आपल्याला नक्की माहीत हवी. ते पातळ असेल तर निळं व्हायला जास्त लागेल आणि बिचारं पाणी नसता दोष घेऊन जाईल. म्हणून आम्ही आधी ते द्रावण दुसऱ्या एका बाटलीशी ताडून पाहतो. या दुसऱ्या बाटलीत चुना किती ते आम्हीच तोलून घातलेलं असतं. तिला आम्ही 'स्टँडर्ड' म्हणतो. स्टँडर्डशी जुळलं की केमिस्टने डोळे मिटून सही करावी.

आता देवराव. देवराव आमचा स्टोअरकीपर, जैनथकडचा. कपाटाची किल्ली कमरेला आणि हिशेब तोंडपाठ. त्याच्या स्टोअरमध्ये कधी काही कमी पडलं नाही. असा माणूस ऑफिसात असला की साहेब सुखात असतात, आणि आमचे साहेब फारच सुखात होते. ते तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायचे. स्वभावाने भले. फक्त गणित लवकर संपवायची त्यांना फार घाई.

दसऱ्याला नवे जिल्हे होणार हे पक्कं झालं आणि वरून आदेश आला : सर्व साहित्य चार समान भागांत वाटावे, कोणत्याही जिल्ह्यास उणे पडू नये. मी त्या वेळी हैदराबादला, कोणता कर्मचारी कुठल्या जिल्ह्याला द्यायचा त्या बैठकीत होते. परत आले तोवर तिन्ही गाड्या रवाना झाल्या होत्या. देवराव दारात उभा होता, मुलीची पाठवणी केलेल्या बापासारखा.

"तकसीम झाली बाई," म्हणाला. तकसीम म्हणजे वाटणी. "एका जिल्ह्याची तक्रार येनार नाई."

खरंच आली नाही. मी कपाट उघडून पाहिलं तर दोन्ही बाटल्या, द्रावणाची आणि स्टँडर्डची, गळ्यापर्यंत भरलेल्या. मनात म्हटलं, चार वाटण्या करूनही आपल्याकडे एवढं उरलं, देवराव म्हणजे देवराव! त्याने दुसरीकडून कुठून तरी मागवलं असेल. दोन्ही एकमेकांशी ताडून पाहिलं. किंचित फरक, हाताचा म्हणावा एवढा. जुळलं.

नव्या जिल्ह्यातला पहिला नमुना आला तो पेनगंगेकाठच्या एका गावातून. गावाला मी वाघझरी म्हणते. तिथे नानाजी बोबडे नावाच्या शेतकऱ्याने स्वतःच्या वावरातली जागा गावाला विहिरीसाठी दिली होती. त्याच उन्हाळ्यात खणलेली विहीर, नवी कोरी. नानाजी स्वतः नमुना घेऊन आले. कापूस आणि ज्वारी यांच्यापलीकडे फारसं न बोलणारा माणूस, पण विहिरीबद्दल बोलताना त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

"पाहा तं बाई. नारळाच्या पाण्यावानी हाय."

लिटरमागे साडेसातशे मिलिग्रॅम जडपणा निघाला. दोनशेच्या आत असावा, दुसरं पाणीच नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घ्यावा, त्यापुढे नको, असा नियम आहे. मी पुन्हा काढला. पुन्हा तेच. मी सही केली, अहवाल वर गेला. वरच्या लोकांनी नव्या जिल्ह्याच्या नव्या उत्साहात गावात माणूस पाठवला आणि त्याने नानाजींच्या विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाने भलं मोठं 'पिण्यास अयोग्य' लिहिलं. तेलुगूत. गावात तेलुगू वाचणारी पोरं शाळेत होती. त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवलं.

नानाजी दुसऱ्या खेपेला आले ते बायकोसकट, सुभद्राबाईंसकट. नानाजी बाकावर बसून राहिले. बोलल्या त्या सुभद्राबाई.

"बाई, तुमी काऊन असं लेहून राह्यले? आमच्या पोरीचं लगन हाय. सोयरे पलीकडचे, नदीच्या त्या अंगचे. त्याइच्या कानावर गेलं. विहीणबाई म्हनते, त्या गावाले मुतखड्याचं पानी हाय, पोरगी तपासून घ्या मंग बोलू."

"जड पाण्याने मुतखडा होतोच असं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत," मी म्हटलं.

"हे तुमी तिले सांगा. मले काय सांगता?"

मी माझी बाजू मांडली. दोनदा तपासलं, स्टँडर्डशी जुळलं. सुभद्राबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं तुमच्यापाशी. मी माह्या हातानं दाखवतो. उद्या येतो," म्हणाल्या.

आणि आल्या. सोबत घासलेटचा स्टोव्ह, डाळ शिजवायचा पितळी गंज, तुरीची डाळ आणि विहिरीच्या पाण्याची कळशी. आमच्या व्हरांड्यात स्टोव्ह पेटला. जड पाण्यात डाळ शिजत नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं, आणि त्यांनी मला माझ्याच पायरीवर गाठलं होतं. बघता बघता डाळीचं पिठलं झालं. त्यांनी पळीने उचलून ती माझ्यासमोर धरली. एक दाणा अख्खा नव्हता. व्हरांड्यात जमलेले लोक माझ्याकडे पाहू लागले.

आयुष्यभराच्या विद्येची अशी व्हरांड्यात शोभा होऊ लागली की माणूस काहीही शोधतो. मी विचारलं, "यात आणखी काही घातलंय का?"

"काय घालनार? हळद."

"आणि?"

"अन् चिमूटभर सोडा. तो तं घालतोच ना आमी."

सोड्याने कुठल्याही पाण्यात डाळ मऊ होते. प्रयोग बाद! मी ते बोलले तेव्हा माझ्या आवाजात जरा जास्तच आनंद होता. सुभद्राबाईंचा चेहरा पडला. नानाजींनी बायकोकडे असं पाहिलं की मलाच वाईट वाटलं.

पण शिजलेली डाळ काही बाद होत नाही. जेवायची वेळ झालीच होती. सुभद्राबाईंनी भाकरीचं गाठोडं सोडलं आणि आम्ही सगळे तिथेच बसलो. मी, नानाजी, देवराव, शिपाई. वासाने साहेबांचा ड्रायव्हर आला, त्याच्यामागोमाग खुद्द साहेब. माणसं वाढली आणि डाळ पुरेना. देवराव उठला, तांब्याभर पाणी गंजात ओतलं, मीठ टाकलं, पळी फिरवली आणि गंज पुन्हा काठोकाठ भरला.

"पाह्यलं का बाई," तो माझ्या ताटात ओतत म्हणाला, "मानसं वाढली का हेच कराव लागते. तकसीमीच्या टायमाले म्या हेच केलं. बाटली एक अन् जिल्हे चार. कोनाले उनं दिसू नाई म्हनून चारी गळ्यापावतर भरून देल्ल्या."

माझा घास हातात राहिला.

"कशाने भरल्या?"

"डिस्टिल्डनं!" देवराव दुखावला. "नळाचं नाई घातलं बाई. इतकं समजते मले."

"आणि स्टँडर्डची बाटली?"

"तेबी तसंच. भेदभाव कायले कराचा?"

जे झालं ते एवढंच होतं. तराजूही खोटा आणि मापंही तेवढीच खोटी असली, तर दोघं एकमेकांशी छान जुळतात. मी पातळ द्रावण पातळ स्टँडर्डशी ताडून पाहत होते आणि खूश होत होते. नळीतून सोडत होते ते द्रावण कमी आणि डिस्टिल्ड पाणी जास्त.

मी हे मोठ्याने सांगितलं. सुभद्राबाईंना त्यातलं नेमकं हवं तेवढं कळलं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आपलं पानी चांगलं हाय. याइचं पानी पातळ हाय."

साहेबांनी बोटं चाटली. "म्याडम, सिंपल है. चार जिल्हे, चार से भाग दे दो. खतम."

साडेसातशेला चारने भागलं तर दोनशेच्या खाली येतं. म्हणजे पाणी उत्तम, विहीर सुटली, लग्न पार पडलं. नानाजी उठून उभे राहिले. मीही कागद ओढला होता. पण तेवढ्यात देवरावाचा चेहरा दिसला. तो भाकरीच्या तुकड्याशी खेळत होता.

"देवराव, चारही बाटल्यांत सारखं ओतलं होतंस ना?"

"तसं सारखंच."

"तसं म्हणजे?"

"आपल्याले थोडं जास्त."

"किती जास्त?"

"आता बाई, आपलाच जिल्हा हाय. घरच्याले वाढताना कोनी मोजते काय?"

सरबतात पाणी वाढवलं तर साखर वाढत नाही, फक्त पसरते. म्हणून आमच्याकडे साधा हिशेब असतो : आधीची ताकद गुणिले आधीचं माप बरोबर नंतरची ताकद गुणिले नंतरचं माप. चारातले तीन ठाऊक असले की चौथा निघतो. मूळ द्रावणाची ताकद मला ठाऊक होती, ते मीच बनवलं होतं. नंतरचं माप म्हणजे पाच लिटरची बाटली. राहिलं एक, देवरावाने मूळचं किती ओतलं ते. तर ते होतं 'थोडं जास्त'. आणि 'थोडं जास्त'ला गुणाकारात जागा नाही.

"अंदाज लावा म्याडम," साहेब म्हणाले.

मी नाही म्हटलं. एकदा माझ्या सहीने त्या विहिरीवर लाल रंग चढला होता. दुसऱ्यांदा सही करायची तर खरं काय ते मोजूनच करीन, असं मी सांगितलं. नानाजी पुन्हा खाली बसले. त्या क्षणी त्यांना मी फार आवडले नसेन.

खरं मोजायचं तर नवं स्टँडर्ड हवं. ते करायला शुद्ध चुनखडीची पूड, आम्ही तिला खडूच म्हणतो, मिलिग्रॅमपर्यंत तोलायला हवी. खडू माझ्याकडे होता. तराजू निर्मलला होता. मी सकाळच्या बसला बसले. पिशवीत खडूची बाटली आणि तराजूचं अडॅप्टर. इचोड्याला एक आजीबाई चढल्या आणि शेजारी बसल्या. पिशवीतून लोंबणारी वायर पाहून त्यांनी विचारलं, काय हो हे? म्हटलं, निर्मलच्या तराजूची वायर. त्या म्हणाल्या, "मंग तुमच्यापाशी काऊन?" या प्रश्नाचं उत्तर सरकारकडेही नव्हतं.

निर्मलच्या प्रयोगशाळेत लावण्या होती, माझ्याच हाताखाली शिकलेली तेलुगू मुलगी. तिने तराजू नव्या टेबलावर मांडून, त्याच्यावर रुमाल अंथरून, रुमालावर निर्मलचा लाकडी पोपट ठेवला होता. "पेटतच नाही म्याडम," ती म्हणाली, "मग शोभेला ठेवला." तराजू बंद म्हणून तिने अजून एकही नमुना तपासला नव्हता आणि त्यामुळे एकही चूक केली नव्हती. मी मंचेरियलला आणि आसिफाबादला फोन केले. एका ठिकाणी बाटल्या खोक्यातच होत्या, कारण टेबल आलं नव्हतं. दुसरीकडे टेबल होतं, खोलीला कुलूप होतं आणि किल्ली जुन्या मालकाकडे. वाटणीचा घोळ अजून निस्तरला नव्हता म्हणूनच तीन जिल्ह्यांचं पाणी बदनामीतून वाचलं. कामाला लागलेले आम्ही एकटेच होतो.

पोपट उचलला, अडॅप्टर लावलं, तराजूचे आकडे हिरवे चमकले. लावण्याने टाळ्या वाजवल्या. मी खडू तोलून वैद्यासारख्या पुड्या बांधल्या. निघताना अडॅप्टरला हात घातला तर लावण्याने आधीच त्याच्यावर हात ठेवलेला.

"म्याडम, तुमच्याकडे तराजू नाही. मग वायर कशाला?"

"आमच्या रजिस्टरला आहे ती."

"तराजू आमच्या रजिस्टरला आहे."

शेवटी ठरलं असं, की वायर तिच्याकडे राहील आणि आम्हाला लागेल तेव्हा ती खडू तोलून बसने पुड्या पाठवील. दोन जिल्ह्यांमधला हा पहिला करार. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मी निवृत्त होईपर्यंत तो पाळला गेला.

परत आल्यावर नवं स्टँडर्ड बनवलं आणि आमचं द्रावण त्याच्याशी ताडलं. त्याची ताकद मूळच्या जवळजवळ तिसरा हिस्सा निघाली. म्हणजे देवरावाने आपल्या जिल्ह्याला चवथ्याऐवजी तिसरा वाटा ओतला होता. साडेसातशे भागिले तीन. अडीचशे.

मी साहेबांना सांगितलं. साहेब विचारात पडले. मला वाटलं, पाण्याचा विचार करताहेत. पण ते हळूच म्हणाले, "इसका मतलब, हमने बाकी तीन जिल्हों पे अन्याय किया?" मग त्यांनी दार लावून घेतलं आणि हे कुठे बोलू नका म्हणाले. देवरावाला मेमो मात्र दिला. देवरावाने उत्तर दिलं की आदेशात समान वाटप करावे व उणे पडू नये असे होते, आणि कुठल्या जिल्ह्याला उणे पडले ते दाखवावे. त्या उत्तरात खोट काढता येईना. मी त्याला एवढंच सांगितलं की यापुढे बाटलीला हात लावण्याआधी मला विचार. तो हो म्हणाला, पण चेहऱ्यावर असं होतं की एवढं भरभरून दिलं तरी लोकांचं समाधान नाही.

नवा अहवाल मी पोस्टाने पाठवला नाही, स्वतः घेऊन गेले. जैनथपर्यंत बस, पुढे ऑटो. विहिरीशी माणसं जमली होती. नानाजी, सुभद्राबाई आणि नदीपलीकडून आलेल्या विहीणबाई. नऊवारीतल्या, ठेंगण्या, नजर मात्र पोलिसाची. लग्न ठेवायचं की मोडायचं, त्या आज ठरवून जाणार होत्या.

मी पोचायच्या आत सरपंचाने मला बाभळीखाली गाठलं. "बाई, मी काय म्हनतो, तो जुनाच आकडा राहू द्या ना. त्या आकड्यावर माही फिल्टर प्लांटची फाईल कलेक्टर ऑफिसात सरकून राह्यली. पयल्यांदाच सरकून राह्यली!"

पलीकडून नानाजी आले आणि त्यांनी दुसरा कान धरला. "बाई, साहेबानं सांगतलं होतं ना चारनं भागा म्हनून. भागा ना चारनं. कोनाचं काय जाते?"

एकाच विहिरीचं पाणी, पण एकाला जड हवं होतं, एकाला हलकं. मी कठड्यापाशी जाऊन मोठ्याने वाचलं. अडीचशे. मग दोन्ही मर्यादा समजावून सांगितल्या : असावं त्यापेक्षा थोडं जास्त, चालतं त्यापेक्षा पुष्कळ कमी.

 मग सरपंच म्हणाला, "म्हंजे मर्यादेच्या वर हाय." नानाजी म्हणाले, "म्हंजे मर्यादेच्या आत हाय." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांचं खरं होतं. सरपंचाची ती फाईल पुढे किती सरकली ते मला कधी कळलं नाही.

विहीणबाई मात्र हलल्या नव्हत्या. "अडीचशे म्हंजे जड का हलकं? एक सांगा."

"बेताचं," मी म्हटलं.

"बेताचं म्हंजे काय? माहा एकुलता एक पोरगा हाय बाई. सासुरवाडीले येईन, राहीन, पानी पेईन. मी तं इथलं पेलीच नाई. घरून घेऊन आली." आणि त्यांनी काखेतल्या पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढून दाखवली.

ते पाणी पाहून मला राहवलं नाही. लहान पेटी सोबत होतीच. चंबू, रंग आणि तेच देवरावाचं पातळ द्रावण. म्हटलं, "द्या इकडे. दोन्ही शेजारी शेजारी करून पाहू." दोन्हीकडे तेच द्रावण पडणार, त्यामुळे ते पातळ आहे की दाट याने इथे काहीच बिघडत नव्हतं.

आधी नानाजींच्या विहिरीचं घेतलं. कठड्यावर चंबू ठेवला, रंग टाकला, पाणी लाल झालं. थेंब सोडू लागले. पोरं थेंब मोजू लागली, मग बायाही मोजू लागल्या. होता होता पाणी निळं झालं आणि पोरांनी ओरडा केला.

मग विहीणबाईंचं पाणी. तेवढ्याच मापाचं, तोच रंग. लाल. थेंब पडू लागले. आधीचा आकडा आला आणि गेला. पाणी लाल ते लालच. पोरं मोजत होती, पण त्यांचे आवाज हळू झाले. सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. नानाजींना आनंद झाला होता आणि तो दाखवावा की नाही ते कळत नव्हतं. मी नळी पुन्हा भरली. विहीणबाई अगदी जवळ येऊन चंबूत पाहत होत्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "तुमचं औषद संपलं असन." मी म्हटलं, नाही, आहे अजून. पहिल्यापेक्षा दुप्पट होत आलं तेव्हा कुठे ते लाल पाणी डळमळलं, जांभळं झालं आणि एका थेंबाला निळं झालं.

कुणी ओरडलं नाही. पाहुण्यांचा मान होता.

विहीणबाईंनी दोन्ही चंबू पाहिले. मग हातातली बाटली पाहिली. मग त्यांनी ती उलटी करून सगळं पाणी बाभळीच्या बुडाशी ओतलं. नानाजी पोहऱ्याजवळ उभे होते, त्यांच्यापुढे रिकामी बाटली धरली आणि म्हणाल्या, "भरा, व्याही."